रात्रीचा खटका

१

इंदूरचा दलाल चपला न काढताच मालकांच्या केबिनमध्ये घुसला आणि मी टाईपरायटरवरचे हात उचलले. आज काहीतरी बघायला मिळणार, हे मी ओळखलं.

"दत्तरावजी, माल द्यायचा नव्हता तर सरळ सांगायचं," तो उभ्याउभ्याच कडाडला. "तीन वेळा ट्रंक कॉल केला. तिन्ही वेळा तुमच्या बाईनं हाकलून दिलं!"

मालक खुर्चीतून अर्धे उठले. "कोणत्या बाईनं?"

"फोनवाल्या. उचलला की म्हणते 'जयभीम'. मग म्हणते मालक न्हाईत, गाठी दुसऱ्याला दिल्या, परत फोन करू नका. मी काय करणार? मानवतला सौदा करून मोकळा झालो."

सत्त्याऐंशी सालचा डिसेंबर होता. सेलूच्या आमच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी छतापर्यंत रचून ठेवल्या होत्या, त्या याच माणसाच्या भरवशावर. मालकांचा चेहरा असा झाला की बघवेना. आणि फोनवाली बाई आमच्याकडं एकच होती, सत्यशीला.

आता खरं सांगते, मला आतून गुदगुल्या झाल्या. सोळा वर्षं मी या ऑफिसात टाईप करत होते. जूनमध्ये मालकांनी फोनचं नवं बोर्ड आणलं, तेव्हा त्यामागची गोल फिरती खुर्ची माझीच, असं मी धरून चालले होते. बसली कोण? पाथरीकडच्या सिताराम गुरुजींची वीस वर्षांची पोरगी. आयत्या बिळावर नागोबा! वर मालक चारचौघांत म्हणाले, "सुलाबाई, तुमचा आवाज मोंढ्यातला हाय, लिलाव पुकारल्यावाणी. हिच्या आवाजात खडीसाखर हाय." त्या दिवसापासून मी चहात साखर घातली नाही.

दलाल स्टेशनजवळच्या लॉजवर निघून गेला, तसे मालक माझ्या टेबलापाशी आले. "पत्र टाईप करा. पोरगी आजपासून कमी."

मी लगेच कागद चढवायला हवा होता. पण मला तिचा नुसता निकाल नको होता, पक्का निकाल हवा होता. "मालक," मी म्हटलं, "दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे आहेत. मास्तरची पोरगी पुराव्याशिवाय काढली तर उद्या गेटवर मोर्चा उभा राहील. मला दोन वाजेपर्यंत द्या. पुराव्यासकट पत्र देते."

"दोन म्हणजे दोन," मालक म्हणाले.

वाचनालयातल्या सगळ्या रहस्यकथा मी दोनदोनदा वाचलेल्या. अंगावर मूठभर मांस चढलं. फक्त एक गोष्ट मनात बारीक टोचत होती. दलालाच्या बोलण्यातलं काहीतरी मला ओळखीचं वाटत होतं. काय, ते आठवेना.

२

बोर्डाचं गणित सोपं होतं. बाहेरून येणारी लाईन एकच, सेलू त्रेचाळीस. आत फोन पाच. एक नंबर माझ्या टेबलावर, दोन मालकांच्या केबिनमध्ये, तीन वजनकाट्यावर, चार प्रेसमध्ये, म्हणजे गाठी दाबायच्या यंत्रापाशी, आणि पाच अंगणापलीकडच्या मालकांच्या बंगल्यावर. बाहेरचा फोन आधी बोर्डावर यायचा. कोण, कुठून, काय काम हे विचारून सत्यशीला मगच तो आत जोडायची. परक्याला आतला फोन थेट लागतच नसे.

अपवाद एकच. बोर्डाच्या कडेला एक लाल खटका होता, त्याला आम्ही रात्रीचा खटका म्हणायचो. तो खाली पाडला की बोर्ड झोपायचं आणि बाहेरची लाईन सरळ आतल्या एकाच फोनला जाऊन मिळायची, मधे विचारणारं कोणी नाही. तो एक फोन कोणता, हे बोर्डाच्या पाठीमागं स्क्रूखाली तारांची एक जोडी आवळून ठरायचं. आमच्याकडं ती जोडी दोन नंबरवर, म्हणजे मालकांच्या फोनवर होती. दुपारी एकला सत्यशीला जेवायला जायची ती हाच खटका पाडून. मीही तेव्हा घरी जेवायला जायची. मालक मात्र डबा केबिनमध्येच खायचे.

मी पहिल्यांदा गावातल्या एक्स्चेंजला फोन लावला. तिथला माणूस ओळखीचा. त्यानं वही बघून सांगितलं, "इंदूरचे तीन ट्रंक हायेत. तिन्ही एक ते दीडच्या मधी. बाईनंच उचलले, मी सोता ऐकलं."

एक ते दीड! म्हणजे जेवायला जाते म्हणून सांगायचं आणि गुपचूप बोर्डावर बसून हे उद्योग करायचे. माझी कळी खुलली.

तरी रहस्यकथेचा नियम, दुसरा संशयितही बघायचा. तो होता काट्यावरचा सूर्यभान. त्याला ती खुर्ची भाच्यासाठी हवी होती, आणि गणपतीच्या मेळ्यात तो बायकांची कामं करायचा. लुगडं नेसून बोलायला लागला की बायकाच फसायच्या.

"माझ्यावर कशाला घेता, बाई?" सूर्यभान म्हणाला. "काट्यावरचा फोन दिवाळीपसून मेलाय. उंदरानं वायर खाल्ली. अन् दुपारच्याला ह्या गाड्यांची लाईन बगा की. पाणी प्यायला सवड न्हाई."

मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. खरंच मढ्यासारखा गप्प होता.

"अन् पोरीचं म्हणाल," तो आपणहून बोलला, "तर एक वाजला की ती ह्या लिंबाखाली. डब्यात भाकर-चटणी, हातात पुस्तक. रोज माझ्या समोरच बसती. लय गुणाचं लेकरू हाय."

"रोज? एकही दिवस चुकली नाही?"

"एकबी न्हाई."

झालं! पुरावा गोळा करायला गेले आणि पोरीच्या बाजूचा साक्षीदार घेऊन आले. वर तिचं कौतुक ऐकावं लागलं ते वेगळंच.

३

सत्यशीला बोर्डाशी ताठ बसली होती. दलालाचा आरडाओरडा तिनं ऐकला होताच.

"फोन उचलला की काय म्हणतेस?" मी विचारलं.

"सेलू त्रेचाळीस, बोला."

"आणि त्याच्या आधी? जयभीम?"

तिचा हात बोर्डावरच थांबला. "ते मी इथं कधीच म्हणत नाही, बाई."

"का? लाज वाटते?"

"लाज कशाची?" ती पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. "अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत आमची वस्ती पेटली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आई आम्हाला घेऊन रात्रभर ज्वारीत बसली होती. नोकरीला निघाले तेव्हा बाबा म्हणाले, जयभीम आपल्या माणसाला म्हणायचं, मनापासून. अनोळखी व्यापाऱ्याला नमस्कारसुद्धा नको, नंबर सांगायचा आणि काम करायचं. गेल्या महिन्यात माझा भाऊ या फोनवर बोलला. त्यालाही मी 'बोला'च म्हटलं. तो अजून हसतो मला."

खरंच, शेजारच्या टेबलावरून सहा महिने मी तिचा प्रत्येक शब्द कान देऊन ऐकत होते. चूक सापडावी म्हणूनच ऐकत होते ना! एकदाही तिच्या तोंडून तो शब्द आला नव्हता.

"माझी नोकरी जाणार ना, बाई?" तिचा आवाज खाली आला. "मी असा डाग घेऊन परत गेले तर धाकटीला बाबा गावाबाहेर शिकायला पाठवणार नाहीत. म्हणतील, थोरलीचं काय झालं ते बघितलं की." मग तिनं मान वर केली. "पण मी फोनवर जयभीम म्हणते, असं माझं सोंग घेणाऱ्या बाईला सांगितलं कोणी?"

आणि सकाळपासून टोचणारा काटा एकदम वर आला.

कोणी सांगितलं? मीच सांगितलं होतं. दिवाळीत बंगल्यावर करंज्या भरताना मालकांच्या बायकोला, कस्तुराबाईंना, मी म्हटलं होतं, "नवी पोरगी फोन उचलला की आधी जयभीम ठोकते. व्यापाऱ्यांना काय वाटत असेल?" साफ थाप. जळफळाटातून मारलेली. कस्तुराबाई मालकांच्या कानी घालतील आणि खुर्ची रिकामी होईल, एवढाच माझा हिशेब. त्यांनी तेव्हा नुसतं "हं" केलं आणि करंजीची कड मुडपली.

दुसऱ्या कोणालाही मी ते बोलले नव्हते. सत्यशीला फोनवर जयभीम म्हणते, हे जगात फक्त एकाच माणसाला ठाऊक असू शकत होतं. कारण ते खोटं होतं, आणि ते मी एकालाच सांगितलं होतं.

४

पण कस्तुराबाई बंगल्यावर आणि बाहेरची लाईन बोर्डावर. फोन त्यांच्या हाती गेला कसा?

मी केबिनमध्ये डोकावले. "मालक, दुपारी जेवताना फोन येतात का हो तुम्हाला?"

"पयले यायचे. रोज भाजी गार व्हायची," मालक कपाळ चोळत म्हणाले. "पंधरा-वीस दिवस झाले, एकबी न्हाई. घास सुखानं पोटात जायलाय. का?"

"सहज विचारलं."

हंगाम ऐन भरात, आणि दुपारी एकही फोन नाही? सत्यशीलाला बाजूला करून मी बोर्ड भिंतीपासून ओढलं. पाठीमागं सरकीच्या धुळीचा थर बसला होता. सगळे स्क्रू धुळीनं माखलेले, फक्त दोन नंबरचा आणि पाच नंबरचा चकचकीत. दोनवर तारा नव्हत्याच. ती जोडी पाचवर आवळली होती. म्हणजे पोरगी खटका पाडून भाकरी खायला जायची आणि बाहेरची लाईन मालकांना सोडून थेट बंगल्यावर जायची. तिला बिचारीला पत्ताच नव्हता.

हे बोर्ड बसवणारा नागनाथ मिस्त्री प्रेसमध्ये मोटरीला ग्रीस लावत होता. मी त्याचा स्क्रूड्रायव्हर हातातून घेतला आणि विचारलं, "पाच नंबरवर तारा कोणी नेल्या?"

"मीच की," तो बिनघोर म्हणाला. "मालकीणबाई म्हणल्या, दुपारच्याला माहेरून फोन येतेत, बंगल्यावर जोडून दे. मालकाला सांगू नको, उगं चिडतील. का बाई, काही बिगडलं का?"

"बिघडलं की नाही ते तासाभरात कळेल. आता असं कर, लॉजवर जा. इंदूरच्या दलालांना सांग, बरोबर सव्वाला इथला नंबर फिरवा. गावातून बोलताय हे कळू देऊ नका."

साडेबारा वाजले होते. माझ्या हातात सगळं होतं, फक्त मला हवं होतं ते सोडून. मला हवी होती सत्यशीला.

५

मी मालकांचा डबा आणायच्या निमित्तानं बंगल्यावर गेले. पूर्वी फोन पुढच्या खोलीत विणलेल्या रुमालाखाली झाकलेला असायचा. आता तो आत, झोपाळ्याशेजारच्या स्टुलावर होता आणि रुमाल घडी करून बाजूला ठेवला होता.

"बोर्ड जरा बिघडलंय," मी म्हटलं. "तुमचा फोन वाजतो ना दुपारी?"

"आमचा कशाचा वाजतोय?" कस्तुराबाई सुपारी कातरत म्हणाल्या. "आमाला कोण इचारतंय? फोन तुमच्या त्या कोकिळेला." अडकित्ता थांबला. "सुला, तू सोळा वर्सं झाली बघायलीस. घास तोंडात घालता घालता तिच्या आवाजाचं कवतिक करतेत हे. माझं लग्न होऊन वीस वर्सं झाली. माझ्या आवाजाला एकदा तरी काई म्हणले असतील का?"

काय सांगू, मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्या बोलत होत्या ते सगळं माझ्याच पोटातलं होतं. "मोंढ्यातला आवाज" मलाही झोंबला होताच की.

"ती गेली की खुर्ची तुझी," त्या हलकेच म्हणाल्या. "मी बोलते ह्यांच्याशी. दोन-चार दिवसांत जाईलच ती."

डबा हातात घेऊन मी अंगणातून परत निघाले. खुर्ची माझी! तोंड शिवून बसलं की झालं. दोन वाजता पत्र टाईप करायचं, सही घ्यायची, आणि गोल फिरत्या खुर्चीवर बसायचं. अंगण ओलांडेपर्यंत मी तीनदा ते ठरवलं आणि तीनदा मोडलं. नागनाथला लॉजवर मीच पाठवलं होतं, हेही एकदा मनात आलं. परत बोलवायला वेळ होता. मी बोलवलं नाही.

६

एक वाजता सत्यशीलानं खटका पाडला. "आज लिंबाखाली नको," मी तिला म्हटलं, "केबिनमध्ये चल." मग तारेचा तुकडा घेऊन पाच नंबरचा आणि दोन नंबरचा स्क्रू एकमेकांना जोडला. आता बाहेरचा फोन बंगल्यावर वाजला की केबिनमध्येही वाजणार होता.

"मालक," मी म्हटलं, "फोन वाजला की उचला. पण तोंडातून शब्द काढू नका. पोरगी तुमच्यासमोर उभी आहे, हे तेवढं ध्यानात ठेवा."

सव्वाला घंटी वाजली. मालकांनी रिसीव्हर उचलला. खोलीत इतकी शांतता होती की पलीकडचं सगळं आम्हाला ऐकू येत होतं.

"हॅलो, मी इंदूरवाला. सेठजींना शेवटचं विचारायचंय..."

"जयभीम," बाईचा आवाज आला, मुद्दाम हेल काढलेला. "मालक न्हाईत. गाठी दुसऱ्याला दिल्या म्हणून सांगितलं ना? कळना का तुमाला?"

सत्यशीलाचे ओठ मिटलेले होते. मालकांनी डोळेही मिटले. वीस वर्षांच्या संसारातला आवाज ओळखायला एक शब्द पुरतो.

"कस्तुरा," ते रिसीव्हरमध्ये म्हणाले, "इकडं ये."

त्या आल्या. डोक्यावर पदर, मान ताठ. दारात उभ्या राहून त्यांनी आम्हा तिघांकडं बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. पण बाई कच्ची नव्हती.

"एक गिऱ्हाईक गेलं तर गेलं," त्या म्हणाल्या. "घर जायला नको म्हणून केलं मी. अन् वाईट ते काय बोलले? ही पोरगीच फोनवर जयभीम म्हणती. तिनं म्हणलं नसतं तर माझ्या तोंडात कुठून आलं असतं? नक्कल केली मी तिची. काय गं सुला, तू तर ऐकलंयस तिला."

बुडत्याला काडी मिळावी तसं मालकांनी ते पकडलं. "म्हंजी पोरगी व्यापाऱ्यांना तसं म्हणत असती. मग गिऱ्हाईक बिचकणारच." ते माझ्याकडं वळले. "सुलाबाई, शेजारी बसता तुमी. तुमी ऐकलंय का?"

सत्यशीलानं माझ्याकडं बघितलं. कस्तुराबाईंनीही बघितलं. त्या बघण्यात खुर्ची होती. एक "हो", आणि मालकांची अब्रू राहत होती, मालकिणीचं घर राहत होतं, माझी सोळा वर्षं भरून निघत होती. पोरगी जाईल, बस. जगात रोज जातात.



"नाही, मालक," मी म्हटलं. "सहा महिने चूक सापडावी म्हणून कान लावून बसलेय. एकदाही ऐकलं नाही. ती थाप मी मारली. दिवाळीत, मालकीणबाईंना, करंज्या भरताना. म्हणून तर मला कळलं की फोनवर बोलणारी बाई कोण. दुसऱ्या कोणाला ते माहीतच नव्हतं."

"का?" मालकांनी विचारलं. "का मारली?"

"जळत होते हिच्यावर. अजून जळते."

कस्तुराबाई खाली बघायला लागल्या. मालक कोणाकडंच बघेनात. सत्यशीला मात्र माझ्याकडं बघत राहिली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती मालकांना म्हणाली, "दीड वाजत आलाय. मी बोर्डावर जाऊ?"

"जा," मालक म्हणाले.

बाहेर रात्रीचा खटका वर गेल्याचा आवाज आला. मग लगेच घंटी, आणि मग तिचा तो आवाज, जराही न थरथरता. "सेलू त्रेचाळीस, बोला."

७

नागनाथनं त्याच संध्याकाळी तारा दोन नंबरवर नेल्या. इंदूरवाल्यानं पुढच्या हंगामाचा शब्द दिला. बंगल्यावर काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. करंज्यांना मात्र मला पुन्हा बोलावणं आलं नाही.

सत्यशीला माझ्याशी कामापुरतं बोलायची. "बाई, कागद द्या." "बाई, मालक बोलावतात." मी एकदा "चुकले गं" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात घंटी वाजली आणि ते राहूनच गेलं. एप्रिलमध्ये टेलिफोन खात्यातल्या निवडीचं पत्र आलं तिला. परभणीच्या एक्स्चेंजला गेली. जाण्याआधी दोन दिवस तिनं मला बोर्ड शिकवलं, एकही टोमणा न मारता. धाकट्या बहिणीला गुरुजींनी परभणीला तिच्याजवळ शिकायला पाठवलं, हे मला सूर्यभानकडून कळलं.

खुर्ची मिळाली मला. गोल फिरते. आणि रोज कोणी ना कोणी विचारतंच, "पयली बाई कुठं गेली? तिचा आवाज लय गोड होता." अजून अंगाचा तिळपापड होतो, खोटं कशाला बोलू?

जूनमध्ये एका सकाळी घंटी वाजली. ऑफिस भरलेलं होतं. मालक माझ्या टेबलापाशी उभं राहून पत्र वाचत होते, सूर्यभान वजनाच्या पावत्या घेऊन आला होता, दोन व्यापारी बाकावर बसले होते.

"सेलू त्रेचाळीस, बोला," मी माझ्या मोंढ्यातल्या आवाजात म्हटलं.

"परभणी एक्स्चेंज. इंदूरचा ट्रंक आहे तुम्हाला." तोच आवाज, तीच मेली खडीसाखर. मग ती म्हणाली, "सुलाबाई, जयभीम."

आपल्या माणसाला म्हणायचं, मनापासून, असं तिच्या बाबांनी सांगितलं होतं. माझे डोळे भरून आले. मालकांनी पत्रातून मान वर केली, व्यापारीही बघायला लागले. बघू देत.

"जयभीम, सत्यशीला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "जोड."